कोथिंबीर उगवली नाही, कोबीचं रोप कोलमडलं

प्रश्न : घरामागे अर्धा गुंठा जागा आहे. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मेथी, कोथिंबीर पेरली आणि कोबीचं रोप टाकलं. मेथी तेवढी तरारली. कोथिंबीर विरळ उगवली, कोबीची रोपं बोटभर होऊन आडवी पडली. आता काय, कधी लावावं? (माण तालुक्यातील एक शेतकरी ताई)

उत्तर : ताई, मेथी चार-पाच दिवसांत वर येते, म्हणून ती तरली. धण्याला आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात वरची माती तेवढे दिवस ओली राहत नाही. शिवाय धणे तुम्ही अख्खेच पेरले असणार. धण्याचा दाणा एक दिसतो, पण आत बिया दोन असतात. पाटावर पसरून लाकडी ठोकळ्यानं हलकेच रगडा, डाळीसारख्या दोन फोडी झाल्या की थांबा. चुरा करू नका. रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून ओळीत पेरा आणि पाणी झारीनं द्या. पाटाचं पाणी सोडलं की बी वाहून वाफ्याच्या टोकाला जमतं आणि माती वरून कडक धरते.

कोबीचं दुखणं वेगळं. पडलेलं एक रोप उपटून पाहा, मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला दिसेल. ही रोपवाटिकेतली मर, म्हणजे बुरशीनं रोप कोलमडण्याचा रोग. दाट बी, साचलेलं पाणी आणि भिंतीची सावली हे तिचं माहेर. त्याच जागी पुन्हा रोप टाकू नका. उन्हाच्या जागी वीतभर उंच गादीवाफा करा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळा, चार-चार बोटांवर ओळी ओढून बी पातळ पेरा. पाणी सकाळीच. शेणखत कच्चं असेल तर राहू द्या, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) घरात आणाल. चार-पाच आठवड्यांत रोप लावणीला येतं, लावताना अंतर दीड फूट.

अर्ध्या गुंठ्यात शंभर गड्डे एकदम लावू नका. ते एकाच आठवड्यात तयार होतात आणि मग गावभर वाटत फिरावं लागतं. दर पंधरवड्याला दहा-बारा रोपं पुरेत. मेथी-पालकाचंही तेच, दर आठवड्याला एकच वाफा.

फ्लॉवर घेताना दुकानदाराला जातीच्या नावाआधी ती कोणत्या महिन्यात लावायची हे विचारा. लवकरची जात थंडीत उशिरा लावली की रोप लहान असतानाच लिंबाएवढा गड्डा धरतो आणि तिथेच थांबतो. शेजारच्या शेतकऱ्याचा फ्लॉवर फसला की बहुतेक वेळा खताला शिव्या बसतात, चूक मात्र इथे असते.

गाजर आणि मुळा जागेवरच पेरा, उपटून लावले की फाटे फुटतात. वाटाणा आता पेरायला हरकत नाही. लसणाच्या कुड्याही लगेच लावा, टोक वर ठेवून. रब्बी कांद्याचं रोप नोव्हेंबरात टाकलं तरी चालेल.

कोबीच्या वाफ्याला कडेनं मोहरीची एक ओळ लावा. चौकोनी ठिपक्यांचा पतंग (याच्याच अळ्या कोबीची पानं खातात) आणि मावा ही रस शोषणारी कीड आधी तिकडे वळतात. कोबीच्या पानांना बारीक भोकं दिसू लागली की अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, पाणी घालून दहा लिटर करा, थोडा साबणचुरा टाका आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा.