लेकराला घेऊन चोडणच्या खारफुटीत जाताय? मग हे वाचा

दोन वर्षांच्या पोराला गोव्यात प्राणी-पक्षी दाखवायचेत ना? मग मोलेच्या जंगलात जीपचे हादरे खाण्यापेक्षा चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य बरं. रायबंदरहून फेरीबोट. खरं सांगू, पोरं त्या बोटीवरच निम्मी खूश होतात.

निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ नक्की बघा. होडीतून फिरायचं तर भरती हवी, पण एवढ्या लहानग्याला होडीत तासभर कोण धरून बसणार! त्यापेक्षा ओहोटीला पायवाटेने जा. चिखल उघडा पडला की निवट्या बाहेर येतात: बटबटीत डोळ्यांचे मासे, परांवर रेटा देत चिखलातून सरकतात, मध्येच टुणकन उडी मारतात. पावलांची चाहूल लागली की बिळात गडप. म्हणून पोराला मांडीवर घेऊन तिथंच जरा बसा. खंड्या दिसला तर उत्तम, पण दुर्बीण घरीच ठेवा. या वयात ती तोंडातच जाते.

बाबागाडी नको, झोळी घ्या. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला, डास फार. पाण्याच्या कडेला हात सोडायचा नाही, इथे मगरी आहेत. आणि दुपारच्या झोपेआधी परत फिरा.