मला काहीही चालतं

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पंधरा दिवसांत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य यायला लागतं. “मॅडम, आत्ताच एवढा हट्ट, तर पुढे काय?” बोलणारी आई कधी इंजिनीअर असते, कधी भाजीची गाडी लावणारी. वाक्य तेच. आणि त्याच्या मागोमाग, जरा आवाज उतरवून: “एखादा फटका दिला तर चालतं ना?” यंदा हे इतक्यांदा ऐकलं, की उत्तर म्हणून एका घराची गोष्टच लिहायला घेतली. नाव बदललं आहे, आणि आठ भेटींचं इथे दोन-तीन प्रसंगांत आटोपलं आहे.

ओवी साडेसहा वर्षांची, पहिलीत. आई बँकेत, बाबा कारखान्यात शिफ्टला, घरी आजी. पहिल्या भेटीत मी सवयीने विचारलं, “नाव काय गं तुझं?”

“नाही सांगणार.”

“बरं. मग मी तुला काय म्हणू?”

तिने नीट विचार केला. “काहीच म्हणू नका.”

मी अर्धा तास तिला काहीच म्हटलं नाही. आई ओशाळून मला रोजची रड सांगत होती: मोजे घालायला वीस मिनिटं, वेणीवरून भांडण, खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवताहेत, आणि ही दारात पाय रोवून उभी. तेवढ्या वेळात ओवीने ठोकळ्यांचा मनोरा चार वेळा पाडला होता. पाचव्यांदा तिने सगळे ठोकळे वेगळे केले, मोठे खाली घेतले आणि पुन्हा सुरुवात केली. आईने तिकडे पाहिलंही नाही. मी मात्र तेच बघत बसले होते.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कला शंभरावर मुलांची अगदी तान्हेपणापासून पाहणी सुरू केली. स्वभावाचे नऊ पैलू त्यांनी मांडले, त्यांत चिकाटी हा एक. मी या दोघांना फार मानते. कारण मूल चांगलं की वाईट, या वादात ते पडलेच नाहीत. मुलाचा स्वभाव आणि घराची रीत यांचा मेळ बसतो का, एवढंच ते विचारत राहिले. मनोऱ्यापाशी जिला आपण चिकाटी म्हणतो, तीच मोज्यांपाशी हट्ट होते. एक ठेवून दुसरी काढून टाकता येत नाही.

आईला मी एकच काम दिलं. सकाळी सव्वासहापासून व्हॅन येईपर्यंत ओवीला जितक्या सूचना द्याल, तितक्या रेघा मारायच्या. वागण्यात काहीही बदल करायचा नाही.

पुढच्या आठवड्यात तिने पर्समधून बँकेची एक स्लिप काढली. मागच्या कोऱ्या बाजूला पाच-पाच रेघांच्या जुड्या. ५५ मिनिटांत ६१. ऊठ, चल, आवर, पाणी सांडू नकोस, सरळ उभी राहा, दूध संपव, परत तेच सांगायला लावू नकोस. स्लिपकडे बघत ती म्हणाली, “आमचे मॅनेजर माझ्याशी असे बोलले असते ना मॅडम, तर मी बदली मागितली असती.”

मग आम्ही दोघी त्या ६१ सूचना निवडायला बसलो, तांदूळ निवडतात तशा. दात घासणं, काहीतरी पोटात घालून जाणं, व्हॅनमध्ये वेळेवर बसणं आणि कुणावर हात न उचलणं, एवढ्या चारच ठेवण्याजोग्या निघाल्या. आधी दूध की आधी वेणी, रिबन लाल की काळी, हे ओवीचं ओवी ठरवेल. मोज्यांचं तर वेगळंच निघालं. “काय होतं गं मोज्यात?” हे तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. बोटांपाशी येणारी शिवण टोचत होती. मोजे उलटे घातले, वीस मिनिटं वाचली.

उरलेल्या चारांवर मात्र घासाघीस नाही. आणि हे फक्त आईने नाही, घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. म्हणून चौथ्या भेटीला मी आजी आणि बाबांनाही बोलावलं.

आजी स्पष्टच बोलल्या. “तुमच्या रेघा ठीक आहेत हो. पण हिचा बाप हिच्या दुप्पट हट्टी होता. पाच वर्षांचा असताना शेपूची भाजी खाणार नाही म्हणून दोन वेळा उपाशी राहिला. ह्यांनी पट्ट्याने झोडपला, तेव्हा सरळ झाला. त्यानंतर पानात पडेल ते निमूट खातो.”

ओवीचे बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत बसले होते. मी त्यांना विचारलं, “आता आवडते का शेपू?”

“मला काहीही चालतं.”

“ओवीची शाळा कुणी निवडली?”

“हिने. माझं काय, मला काहीही चालतं.”

तेवढ्यात ओवीची आई बोलली. सुनेने सासूसमोर बोलायला कचरावं तसंच, हळू. “मॅडम, रात्री पंखा किती ठेवायचा, हेसुद्धा हे सांगत नाहीत. नऊ वर्षं झाली लग्नाला. यांना काय आवडतं, मला खरंच ठाऊक नाही.”

खोलीत कुणी हललं नाही. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी शहाणपणाचं बोलायचा मोह होतो. या वयात मला तो आवरता येतो, याचं थोडं कौतुक मी स्वतःचं करून घेते. किल्ली फिरायची थांबली.

“नाही आवडत,” ते म्हणाले. “वास येतो त्या भाजीला.”

आजी दचकल्या. “मग सांगायचं नाही का रे?”

ते हसले. “सांगितलं होतं की, आई.”

मला जे कळलं ते मी त्या दिवशी तिथे बोलले नाही, इथे लिहिते. फटक्याने हट्ट मोडतो का? मोडतो कधीकधी, आणि म्हणूनच तो मोहात पाडतो. पण मुलाच्या आत ‘शेपू नको’साठी एक कप्पा आणि ‘मला हे हवं’साठी दुसरा, असं नसतं. दार एकच. आपण भाजीपुरतं लावून घेतलं असं समजतो, आणि पुढे त्यातून काहीच बाहेर येत नाही. आजी-आजोबांना मी दोष देत नाही. त्यांच्या काळात तीच रीत होती. आणि अबोल माणूस दिसला की त्याने मार खाल्लाय, असंही समजू नका; काही माणसं मुळातच अबोल असतात.

तेव्हा फटका नकोच. पण सगळं मुलाच्या मनासारखं, असंही नको. जे ठरलंय ते प्रश्नार्थक बोलू नका. “निघायचं का आता?” असं विचारलंत तर “नाही” हे उत्तर तुम्हीच हाती दिलंत. जवळ जाऊन, एकदाच, थोडक्यात सांगा आणि गप्प राहा. गप्प राहणं सगळ्यांत अवघड. ओवीने एकदा बूट घालायला नकार दिला, तेव्हा आईने बूट पिशवीत घालून तिच्या हातात दिले आणि व्हॅनमध्ये बसवलं. गॅलरीतून आजींनी “पोर अनवाणी गेली” म्हणून आकांत केला. व्हॅन कोपऱ्यावर वळायच्या आत बूट पायात होते, असं नंतर व्हॅनवाल्या काकांनीच सांगितलं.

आणखी एक, अनुभवाने शिकलेलं. “ऐकत नाही” म्हणून आणलेल्या मुलांपैकी काहींना खरोखरच ऐकू कमी येत असतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. हट्ट एकाएकी वाढला असेल, झोप-भूक बदलली असेल किंवा बोलणं वयाच्या मानाने मागे असेल, तर माझ्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

ओवी अजून हट्टीच आहे. तिने आपलं नाव मला सहाव्या भेटीत सांगितलं, तेही मी विचारलं नव्हतं तेव्हा.

शेवटच्या भेटीची वेळ ठरवायला पहिल्यांदाच बाबांचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे शनिवारची संध्याकाळ सुचवली. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “शनिवार नको मॅडम. मला रविवारी सकाळी हवी.”

रविवारी मी कुणालाच वेळ देत नाही. त्यांना दिली.