सतरंजी, मॅट आणि घसरणारे हात

वाचकांचे प्रश्न : योगासनांची मॅट

प्रश्न : मार्जारासनात गुडघ्यांना लादी टोचते. दुकानदार म्हणतो, १० मिलिमीटरची जाड मॅट घ्या. घेऊ का? – एक वाचक, सोलापूर

घेऊ नका. एवढ्या जाड मॅट बहुधा एनबीआर या कृत्रिम रबराच्या फोमच्या असतात. हाताने दाबून पाहिल्या की छान वाटतात आणि तिथेच फसगत होते. वृक्षासनात एका पायावर उभे राहिलात की तळवा फोममध्ये रुततो आणि घोटा सारखा डळमळतो. हात-पाय टेकून कंबर वर उचलायच्या अधोमुख श्वानासनात तळहाताची मनगटाकडची बाजू खाली दबते, मनगट नको तितके वाकते. गुडघ्याचे दुखणे मनगटावर जाते, एवढेच. शिवाय हा फोम लवकर फाटतो. नखाने ओरखडा काढून पाहा.

रोजच्या आसनांना ४ ते ६ मिलिमीटर जाडी पुरते. गुडघ्याखाली सुती चादर चौपदरी घडी करून ठेवा, आसन झाले की बाजूला सारा.

साहित्यात मुख्य पर्याय तीन. पीव्हीसी टिकाऊ आणि स्वस्त, पण नवी असताना वास मारते. टीपीई, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लॅस्टिकची, हलकी, साधारण किलोभराची, क्लासला नेण्या-आणण्यास सोयीची. मात्र दोन-तीन वर्षे रोज वापरली तर हातापायांच्या जागी झिजते. नैसर्गिक रबराची पकड सर्वांत चांगली, पण ५ मिलिमीटरची मॅट अडीच किलोच्या आसपास भरते. घरीच आसने करणार असाल तर आमचा कौल रबराला.

दुकानात मॅट जमिनीवर अंथरायला सांगा. तळहात टेकवून पुढे रेटा : हात घसरतो का, आणि मॅट लादीवर सरकते का, हे दोन्ही बघा. मग एका पायावर उभे राहा. लांबी तुमच्या उंचीपेक्षा थोडी तरी जास्त हवी. बाजारातल्या पुष्कळ मॅट १७३ सेंटिमीटरच्या असतात. पावणेसहा फुटी माणसाचे डोके शवासनात लादीवर जाते. १८३ सेंटिमीटरचीही मिळते, ती मागा.

प्रश्न : नवीन मॅटवर हात घसरतात. मॅट खराब निघाली का? – एक वाचक, डोंबिवली

बहुतेक वेळा नाही. कारखान्यातून येताना पृष्ठभागावर पातळ, निसरडा थर राहिलेला असतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे तीन-चार थेंब टाका, कापड पिळून मॅट पुसा. मग साध्या पाण्याच्या कापडाने दोनदा पुसा. साबण राहिला तर ती आणखीच घसरेल. सावलीत वाळवा. दोन-तीनदा असे केले की फरक पडतो.

हाताला तेल किंवा क्रीम लावून आसनांना बसू नका. टाल्कम पावडर तर नकोच, घामात मिसळून तिचा चिखल होतो. तळहातांना फार घाम येत असेल तर हातांखाली सुती पंचा घ्या, किंचित ओला केलात तर तो जास्त धरतो.

प्रश्न : पावसाळ्यात मॅटला कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडले आहेत. उन्हात टाकू का? – एक वाचक, चिपळूण

रबराची असेल तर मुळीच नको. कडक उन्हाने रबर कडक होते, तडकते आणि भुकटीसारखे झडू लागते. दोष बहुधा दोन सवयींत असतो. मॅट अंथरलेलीच राहते आणि दमट हवेत लादीला सुटणारे पाणी खालच्या बाजूला कोंडते. नाहीतर घामाने ओलसर मॅट तशीच गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. बुरशीला याहून काय हवे!

आसने झाली की दोन्ही बाजू पुसा आणि जाड दांडीवर टाकून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. बारीक दोरीवर नको, मधोमध वळ पडतो. नंतर वरची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. उलगडल्यावर टोके वर वळत नाहीत आणि पाय अडकत नाही. पिशवी सुती हवी.

ठिपके वरवर असतील तर साबणाच्या पाण्याने मऊ कापडाने चोळा. ब्लीच, सॅनिटायझर किंवा सुगंधी तेलाचे फवारे रबरावर मारू नका. वॉशिंग मशीनमध्येही घालू नका, पिळताना मॅट फाटते. पुसूनही वास आणि ठिपके परत येत असतील तर बुरशी आतल्या छिद्रांत गेली आहे. ती मॅट टाकून द्या.

प्रश्न : रबरी हातमोज्यांनी मला खाज सुटते. मॅटनेही सुटेल का? – एक वाचक, नाशिक

सुटू शकते. नैसर्गिक रबर टाळा, टीपीई किंवा पीव्हीसी घ्या. वेष्टनावर नुसते ‘इको’ लिहिले असेल तर साहित्य विचारूनच घ्या.

प्रश्न : आईचे वय ७०. ती सतरंजीवरच आसने करते. मॅट हवीच का? – एक वाचक, फोंडा

बसून आणि झोपून करायच्या आसनांना, प्राणायामाला सतरंजी किंवा घोंगडी उत्तम. सतरंजी धुता येते हा मोठा फायदा. धोका आहे तो उभ्या आसनांत, कारण गुळगुळीत फरशीवर सतरंजी पायासकट सरकते. घरात झिजलेली पण बुरशी न लागलेली मॅट असेल तर ती सतरंजीखाली अंथरा. उभी आसने मात्र आईंनी सतरंजी बाजूला करून थेट मॅटवर, भिंतीजवळ, अनवाणी करावीत.