वाचक विचारतात : वाकांडाच्या राणीचा मुकुट

प्रश्न : ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटातल्या राणी रमोंडासारखा मुकुट एकांकिकेसाठी करायचा आहे. तो खरोखर आफ्रिकी आहे का? घरगुती थ्रीडी प्रिंटरवर जमेल?

उत्तर : आकार अस्सल आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू समाजातील विवाहितांची ‘इसिचोलो’ ही वर पसरत जाणारी टोपी. पूर्वी तर केसांनाच गेरू लावून तसा आकार देत. वेशभूषाकार रूथ कार्टर यांनी तो उचलला, ज्युलिया कोर्नर यांनी संगणकावर त्याची जाळी बेतली आणि नायलॉनच्या भुकटीवर लेझर फिरवून ती छापली गेली.

घरच्या प्रिंटरची अडचण इथेच येते. भुकटीच्या पद्धतीत न वितळलेली भुकटीच नाजूक जाळीला आधार देते. प्लास्टिकच्या तारेवर चालणाऱ्या यंत्रात बाहेर झुकलेल्या भागाखाली वेगळे टेकू छापावे लागतात आणि ते काढताना जाळीही तुटते. जाळी हवीच असेल तर सपाट पट्ट्या छापून जोडा. आमचं मत विचाराल तर वेताच्या वाढत्या मापाच्या चार कड्या, उभ्या तारा आणि वरून घट्ट गुंडाळलेली सुतळी. रंगमंचावरून हेच जास्त उठून दिसतं. वरचा घेर जड झाला की मुकुट मागे कलंडतो. म्हणून आत हेल्मेटसारखी कपाळपट्टी बसवा आणि अभिनेत्रीला तालमीतच वाकून, वळून पाहू द्या.

चित्रपटातल्या इतर वेशभूषेत मानेतल्या कड्या न्देबेले लोकांच्या, घोंगड्या बासोथो लोकांच्या. वाकांडा हा देशच काल्पनिक म्हणून ही सरमिसळ खपते. तुमचं कथानक झुलू गावात घडत असेल तर नुसता मुकुट ठेवा.

प्रश्न : आफ्रोफ्युचरिझम (कृष्णवर्णीयांच्या नजरेतून कल्पिलेलं भविष्य) याच चित्रपटापासून आला का?

उत्तर : छे! ‘ब्लॅक पँथर’ 2018चा. हा शब्दच अमेरिकी समीक्षक मार्क डेरी यांनी 1993 साली वापरला. ज्यांचा भूतकाळ गुलामगिरीने पुसून टाकला, त्यांनी भविष्य कशाच्या आधारावर कल्पावं, हा डेरी यांचा प्रश्न होता. जॅझ संगीतकार सन रा यांनी त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं : 1974च्या ‘स्पेस इज द प्लेस’ या चित्रपटात ते ऑकलंडच्या कृष्णवर्णीयांना परग्रहावर न्यायला येतात, आणि वाहन म्हणजे संगीत. कथा विस्कळीत आहे, संगीतासाठी पाहा. त्याआधी मात्र वानुरी काहियू यांचा केनियन लघुपट ‘पुम्झी’ (2009) लावा. पाण्यावरून झालेल्या महायुद्धानंतर माणसं घाम आणि लघवी शुद्ध करून पितात, आणि नायिका एक बी रुजवायला बाहेर पडते. वीसेक मिनिटांचा आहे, सर्वांनी मिळून पाहिलात तर चर्चेला भरपूर वेळ उरतो.