दगडांचं चित्रपुस्तक आणि गडग्यातला जांभा

प्रश्न : नात सहा वर्षांची. दगडांचं चित्रपुस्तक आणलं, पण चार पानांतच कंटाळली. पुस्तकात ग्रॅनाइट, संगमरवर; आमच्याकडे गडग्यापासून विहिरीपर्यंत नुसता जांभा. तिला दाखवू काय? – आजोबा, गुहागर

उत्तर : पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचायला हवं असं कुठे आहे? त्यात जांभ्याचं पान शोधा. परदेशी पुस्तकांत ते बहुधा नसतं. नसेल तर कोरा कागद शिवून ते पान नातीलाच करू द्या.

जांभ्याचा आणि काळ्या पाषाणाचा (म्हणजे बेसॉल्ट, थिजलेल्या लाव्ह्याचा दगड; काही गावांत काळवत्री म्हणतात) मुठीएवढा एकेक तुकडा घ्या. दोन दिवस कडक उन्हात वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, आकडा त्या पानावर तिच्या हातानं लिहा. मग दोन्ही बादलीत सोडा. जांभ्यातून बुडबुडे निघत राहतील. मुलं इथेच खिळतात. रात्रभर भिजवून, फडक्यानं पुसून पुन्हा वजन करा. पाषाण जवळपास तेवढाच भरेल, जांभा जड झालेला असेल. पाषाण मात्र घट्ट, बिनभोकांचा निवडा. बारीक भोकांचा घेतलात तर तोही पाणी पितो आणि फरक पुसट होतो. पावसाळ्यात हा प्रयोग करू नका, तेव्हा जांभा आधीच भिजून बसलेला असतो.

आता तिला सांगा की आपल्याकडचा बराचसा जांभा या काळ्या पाषाणापासूनच झाला. लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून गेली; लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरलं. तांबडा रंग त्या लोहाच्या गंजाचा. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, म्हणून तो सहज कापता येतो. उघड्यावर राहिला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. विटांसारखे चिरे रोज पाहणाऱ्या मुलीला हे नाव विसरायला होणार नाही.

प्रश्न : सह्याद्री ज्वालामुखीचा, असं मुलाला सांगितलं. तो विचारतो, मग त्याचं तोंड कुठे? पुस्तकातला ज्वालामुखी तर शंकूसारखा आहे. – पालक, चिपळूण

उत्तर : चूक मुलाची नाही, चित्राची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथला लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला. तो पातळ होता, म्हणून दूरवर पसरला. घावण्याचं पीठ तव्यावर पसरतं, घट्ट पीठ मात्र ढिगासारखं बसतं, फरक तोच. एकावर एक घावणे रचून दाखवा, पण खालचा निवल्याशिवाय वरचा ठेवू नका, नाहीतर चिकटून थर दिसेनासे होतात. मग कुंभार्ली घाटातून समोरच्या डोंगराचे आडवे पट्टे मोजायला लावा. ताठ कडे म्हणजे घट्ट थर; मधले उतार बहुधा भोकाळ, लवकर झिजणारे. या पायऱ्यांवरूनच ‘ट्रॅप’ हे नाव पडलं, जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून.

सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी करायचाच असेल तर फेस वायूचा आहे, इथे काहीच वितळत नाही, हे आधी सांगा. नाहीतर डोंगराच्या पोटात सोडा असतो अशी समजूत होते.

प्रश्न : ग्रामवाचनालयासाठी भूशास्त्राची चित्रपुस्तकं निवडताना काय तपासावं? – ग्रंथपाल, वेंगुर्ले

उत्तर : दगडाच्या चित्राशेजारी नाणं, बोट किंवा पट्टी आहे का, हे पाहा. नसेल तर वाळूचा कण आणि धोंडा मुलाला सारखाच वाटतो. त्यानंतर पृथ्वीचा छेद उघडा. प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा जाड थर, लालभडक रसासारखं रंगवलेलं असेल तर सोबतचा मजकूर वाचा. ते बहुतांशी घन खडकाचं असतं, फक्त अतिशय सावकाश सरकतं. हे लिहिलेलं नसेल तर ते पुस्तक मागे ठेवा. भूकवचही चित्रांत फार जाड दाखवतात. अंगणात खडूनं ६४ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलंत तर त्यात जमिनीखालचं कवच ३-४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम खडूच्या रेघेएवढं येतं.

काळाच्या पट्टीसाठी ४६ मीटर सुंभ आणा. १ सेंटिमीटरला १० लाख वर्षं धरली की अख्खी पृथ्वी त्यात बसते. सह्याद्रीचा लाव्हा शेवटच्या टोकापासून ६६ सेंटिमीटरवर, माणूस शेवटच्या ३ मिलिमीटरांत. सुंभ ताणलं की लांबतं, म्हणून गाठी मारण्याआधीच ओढून घ्या.

तुमच्या भागासाठी एक दुरुस्ती चिकटवून ठेवा. रेडीचं लोहखनिज आणि आसपासचे बरेच खडक सह्याद्रीच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने आहेत. ‘कोकण म्हणजे लाव्हा’ हे वाक्य वेंगुर्ल्यात चालत नाही.

प्रश्न : काळ्या वाळूत चुंबक फिरवला, आता त्यावरचे कण निघतच नाहीत. – इयत्ता पाचवी, रत्नागिरी

उत्तर : चिकटपट्टी दाबून उचला, बरेचसे निघतील. पुढच्या वेळी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कण चिकटले की पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा, कण आत राहतील. वाळू कोरडी हवी, ओली असली तर सगळंच चिकटतं. चटकन उडी मारतात ते कण बहुधा मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. काळे असूनही फारसे न हलणारे इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाचे असू शकतात.