शेवटच्या सायकलमागे

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप दोनदा वाचला. पाच दिवसांची सहल, बावीस जण, आणि तिसऱ्या दिवशी शिरपूर ते रावेर या टप्प्याला तुला सगळ्यांच्या मागे ठेवलंय. "नाना, मी त्यातल्या पंधरा जणांपेक्षा जोरात चालवते, मग मला शेपटाला का बांधलं?" असं विचारतेस. रागावून विचारलं आहेस, ते कळलं. तुमच्या म्होरक्याला मी ओळखत नाही, पण माणूस शहाणा दिसतो.

थोडा हिशेब करू. समज, चोपड्याच्या अलीकडे एकाची सायकल पंक्चर झाली. तुम्ही दोघं थांबलात, ट्यूब बदलली, हवा भरली. पंचवीस मिनिटं सहज जातात. पुढची मंडळी ताशी अठराच्या वेगाने चालली असतील तर तेवढ्यात ती साडेसात किलोमीटर पुढे गेली. आता तू त्या माणसाला घेऊन बावीसच्या वेगाने निघालीस, तरी दर तासाला अंतर चारच किलोमीटरने कमी होणार. म्हणजे जवळजवळ दोन तास पाठलाग. तोही आधीच दमलेल्या माणसाला आपल्या पाठीमागे वाऱ्याच्या आडोशाला धरून. हे काम ज्याची स्वतःचीच दमछाक झालीय त्याला जमेल का? म्हणून मागे दमदार माणूस लागतो. तुला ठेवलंय ते त्यासाठी.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते आणि ती निघण्याआधीच म्होरक्याकडून कबूल करून घे. थांबे आधी ठरलेले हवेत. हातेड, चोपडा, अडावद, किनगाव, यावल, फैजपूर, सावदा, मग रावेर. एकशे तीस किलोमीटरच्या वर रस्ता आहे, एवढे थांबे जास्त नाहीत. थांब्यावर शेवटचा माणूस आल्याशिवाय कोणी हलायचं नाही, हे सगळेच कबूल करतात. घोळ त्याच्या पुढे होतो. पुढचे पोचतात, चहा पितात, फोटो काढतात, पाय मोकळे करतात. वीस मिनिटांनी शेवटचा घामाघूम होऊन येतो. त्याला बघितलं की सगळे हेल्मेट घालून उभे! "आला का? चला मग." ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी येते, आणि दुपारपर्यंत तो माणूस संपतो. मग लोक म्हणतात, त्याचा सराव कमी पडला. मी हे इतक्या सहलींत पाहिलंय की आता त्याचा संतापही येत नाही. तू मात्र भांड. शेवटचा माणूस आल्यावर घड्याळ लावायचं आणि दहा मिनिटं मोजायची. तोवर एकानेही पायडलवर पाय ठेवायचा नाही.

आता रस्ता. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने तुम्ही पूर्वेकडे चालणार, डाव्या हाताला सातपुडा दिवसभर सोबतीला. उजवीकडे लांबवर तापी, पण ती दिसत नाही, नुसती असल्याचं कळतं. डिसेंबरात साडेसहाला निघाल तर अर्ध्या तासाने सूर्य बरोबर नाकासमोर येईल. तुम्हाला त्रास होईलच, पण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांतही तेच ऊन असतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या काचेवर धूळ, समोर ऊन आणि त्या उजेडात तुमची रांग. त्याला सगळ्यांत आधी दिसायची आहेस तू. म्हणून लाल दिवा सकाळी नऊपर्यंत बंद करायचा नाही, लुकलुकता ठेवायचा, आणि अंगात ते चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. बाकीच्यांनी घातलं नाही तर चालवून घे, तुझं मात्र हवंच. मागून गाडी आली की ओरडून सांगायचं कामही तुझंच. "गाडी!" एवढंच, आणि तो शब्द एकेकाच्या तोंडून पुढपर्यंत गेला पाहिजे.

हंगाम उसाचा असेल. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि मागची ट्रॉली सापासारखी वळवळते. कडेने उसाची टोकं हातभर बाहेर आलेली असतात. ट्रॅक्टर पुढे निघून गेला असं वाटून लगेच रस्त्यावर येऊ नका, दुसरी ट्रॉली अजून यायची असते. कापसाच्या आणि केळीच्या गाड्या त्या मानाने सरळ जातात.

हा रस्ता नकाशात सपाट दिसतो. तसा तो नाही. सातपुड्यातून तापीकडे जाणारी प्रत्येक नदी, प्रत्येक नाला त्याला आडवा येतो. अनेर आहे, सुकी आहे, नाव नसलेले कितीतरी आहेत. प्रत्येक ठिकाणी थोडा उतार, पूल, थोडा चढ. पुढच्याने पुलाआधी जरासा ब्रेक दाबला की तो मागे येता येता मोठा होत जातो. दहावा चांगलाच थांबतो आणि विसावा जवळजवळ पाय टेकतो. तोपर्यंत पुढचे चढ चढून गेलेले असतात आणि मागच्यांना शून्यातून जोर लावावा लागतो. दिवसभरात असं चाळीसदा झालं तर पाय जातील नाही तर काय? तू रांगेपासून दहा-पंधरा मीटर मोकळी सोड. नजर पुढच्या चाकावर नको, रांगेच्या तोंडाशी ठेव. तिथे वेग उतरलेला दिसला की ब्रेक न लावता पायडल मारणं थांबव. गती टिकते आणि गुडघेही.

हिवाळ्यात आपल्याकडे वारं बऱ्याचदा ईशान्येचं किंवा पूर्वेचं. म्हणजे तुमच्या तोंडावर. एकमेकांच्या मागे चालवलं तर मागच्याला त्याच वेगासाठी बरीच कमी ताकद लागते, हे तुला माहीत आहे. पण कच्च्या माणसाला ते ठाऊक नसतं. तो बिचारा अंतर सोडून एकटाच वाऱ्याशी झुंजत बसतो. त्याला गोडीने सांग, माझ्या मागे ये.

मागे राहिल्याचा एक फायदा आहे. तुला दिवसभर एकवीस पाठी दिसतात. कोणाचं कंबरडं सीटवर डावं-उजवं हलतंय, म्हणजे सीट उंच आहे. कोणाचे गुडघे बाहेर फाकलेत, म्हणजे सीट खाली आहे. पाना पिशवीत आहेच, थांब्यावर पाच मिनिटांत नीट करून दे. सकाळी जो सारखा बडबडत होता तो गप्प झाला, हाक मारली तर उशिरा ओ देतो, सायकल सरळ रेषेत राहत नाही, हे दिसलं की त्याला तिथेच उतरव. सायकलवाले याला बाँक म्हणतात. अंगातली साखर संपलेली असते. त्या वेळी "अजून दहाच किलोमीटर" असा धीर देऊ नये. गूळ-शेंगदाणे दे, ओआरएसचं पाणी पाज, सावलीत बसव.

यावरून केळीचं सांगतो, कारण पुण्या-मुंबईकडची मंडळी इथे हमखास फसतात. यावल-रावेर म्हणजे केळीचं आगर. दोन्ही बाजूंना मैलभर बागा, घडांनी वाकलेली झाडं. त्यांना वाटतं, खायची काय चिंता! पण इथली केळी हिरवी कापतात, हिरवीच गाडीत भरतात, ती पिकते लांबच्या शहरातल्या पिकवण्याच्या खोलीत. बागेच्या बांधावर पिवळं केळं मिळत नाही. एकदा आमच्यातल्या एकाने भुकेपायी कच्चं सोलून चावलं, तर तोंड तुरट आणि दाताला चीक. तेव्हा चोपड्याच्या बाजारातूनच दोन डझन पिकलेली घेऊन ठेव. केळीच्या राज्यात केळी विकत नेतेय म्हणून लोक हसतील, हसू दे.

आता जे सांगायला आज लिहायला बसलो ते सांगतो.

१९९८ साली आम्ही बारा जण चोपड्याहून यावलमार्गे भुसावळला निघालो होतो. साध्या बावीस इंची सायकली, गिअर कोणाकडेच नाहीत. मागे मी होतो. माझ्यापुढे पोस्टात काम करणारे एक गृहस्थ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. अडावद सोडल्यावर ते मागे पडायला लागले. थोड्या वेळाने हात हलवून म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो सावकाश." मला तेच हवं होतं. पुढून गाण्यांचा आवाज येत होता. मी एका दमात रांग गाठली आणि गाणी म्हणायला लागलो.

यावलला मोजलं तर अकरा. तासभर वाट पाहिली, मग मी आणि आणखी एक जण उलटे निघालो. मोबाइल नव्हते. ते सापडले धानोऱ्याच्या अलीकडे, एका निंबाखाली. फ्रीव्हीलची कुत्री, म्हणजे पायडलचा जोर चाकाला देणारे आतले बारीक खटके, तुटली होती. पायडल नुसतं गरगर फिरत होतं, चाकाला जोर लागत नव्हता. दोन तास त्यांनी सायकल हाताने ढकलत आणली होती. शेजारच्या कापसाच्या शेतातल्या बाईने त्यांना भाकरी, ठेचा आणि तांब्याभर पाणी दिलं होतं. आम्हाला पाहून रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "चहा झाला का रे तुमचा?"

झाला होता. दोनदा.

त्यानंतर "तू हो पुढे" हे मी कोणाचं ऐकलं नाही. तूही ऐकू नकोस. हे म्हणणारा माणूस संकोचाने म्हणत असतो, आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा नको म्हणून. त्याच्याशी वाद घालायचा नाही. "मलाही पाणी प्यायचंय" म्हणून थांबायचं. खोटं बोलायचं. मी या कामात खूप खोटं बोललोय: माझी चेन करकरतेय, मला फोटो काढायचाय, बुटात खडा गेलाय. आणि त्याच्या बाजूने चालवताना सातपुड्याबद्दल बोल, जेवणाबद्दल बोल, किती किलोमीटर राहिले ते बोलू नकोस.

तू मुलगी आहेस म्हणून एक वेगळं सांगतो, राग मानू नकोस. मागे एकटी राहू नकोस. मागचं काम दोघांचंच असावं, मुलगा असता तरी हेच सांगितलं असतं; एक जण दुरुस्तीला, एक जण पुढे निरोपाला. रस्त्यावरची माणसं मात्र चांगली आहेत. थांबलीस की कोणी ना कोणी विचारणारच, "कथा जाई राहिनी माय?" म्हणजे कुठे चाललीस. उत्तर दे, बस जरा, घाईने निघू नकोस. यावलच्या पुढे बोली बदलते, अहिराणीची जागा लेवा पाटलांची बोली घेते, पण प्रश्न तोच राहतो. आणि सायकलवरून रावेरला का चाललात, हे त्यांना पटेल असं सांगायला मला अजून जमलेलं नाही.

पंक्चरबद्दल फार लिहीत नाही, तुला येतं. फक्त काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नकोस. बाभळीचा काटा टायरच्या आत मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही. बोट फिरवशील तर बोटात घुसेल. फडकं फिरव, काट्यावर धागा अडकतो. किनगावजवळ मी एकाच काट्याने दोन ट्यूब घालवल्या आहेत, आणि दुसरी उसनी होती.

दुपारचं जेवण हा नाजूक विषय आहे. फैजपूर-बामणोद पट्टा म्हणजे भरताच्या वांग्यांचं माहेर. कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, लाकडी बडजीत मिरची-लसणाबरोबर ठेचलेली वांगी आणि जोडीला पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. कोणीतरी ओळखीचं शेतावर जेवायला बोलावणारच. तिथे बावीस जण पोटभर जेवले की संपलं, पुढचे पंचवीस किलोमीटर पाय उचलत नाहीत. म्होरक्याला सांग, जेवण रावेरला रात्री ठेवायचं, वाटेत पोहे, दही, केळी. ऐकणार नाहीत ते. मग निदान जेवणानंतर तासभर सगळ्यांना झोपू दे आणि अंधाराची तयारी ठेव, सहाच्या आत सूर्य मावळतो.

फैजपुरात चहाला थांबाल तेव्हा त्या पोरांना एवढं सांग की १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. शेतातल्या गावात एवढी माणसं कशी आली, कुठे राहिली, काय जेवली याचा विचार करताना सावदा येऊन जातं. पाच-सहा किलोमीटर आहेत, दमलेल्या पोरांना तेवढा विषय पुरतो.

सावदा ते रावेर शेवटचा टप्पा. पुढच्यांना रावेरचा वास लागतो आणि ते सुटतात. तिथेच शेवटचा माणूस एकटा पडतो, आणि तेव्हा अंधार असतो. या टप्प्यात म्होरक्याला तुझ्याजवळ बोलावून घे. पुढे कोणीही जाऊ दे, रस्ता सरळ आहे.

पिशवीत दोन मापांच्या ट्यूब, चेनची जोडकडी, पाने, थोडी तार आणि दोरी ठेव. बावीस सायकलींत काहींच्या व्हॉल्व्ह बारीक असतील, काहींच्या मोटरसायकलसारख्या जाड. दोन्हींना चालणारा पंप माझ्याकडे आहे. गुरुवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. मी देवळात गेलेलो असलो तर काकूकडे माग, पलंगाखालच्या पेटीत आहे. नळीचं टोक जरा सैल झालंय, हवा भरताना अंगठ्याने दाबून धरावं लागतं.

तुझा,
नाना