वाचकांचे प्रश्न : पडला तर काहून पडला, हे कळलं पाहिजे

दिवाळीच्या अंकात डाऊनहिल सायकलिंगवर, म्हणजे टेकडीवरून एकेकानं सायकल पळवत घड्याळाशी खाली उतरायच्या खेळावर, अर्धं पान लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा सगळा महिना त्यालाच देतोय. नावं छापत नाही, जिल्हा नाहीतर तालुका तेवढा.

प्रश्न : भाऊ, आमचं गाव परतवाड्याच्या जवळ, गावामागं ई-क्लासची म्हणजे सरकारी गायरानाची टेकडी आहे. आम्ही सात-आठ पोट्टे दिवाळीपासून तिच्यावर डाऊनहिलचा ट्रॅक बनवून राह्यलो, फेब्रुवारीत रेस घ्यायची आहे. अमरावतीचे दोन रायडर येऊन गेले, एक म्हणे लय खडबडीत आहे साफ करा, दुसरा म्हणे अजून साफ केला तर सडकच होते. कोणाचं ऐकावं? चांगला ट्रॅक म्हणतात तरी कोणाला? व्हिडिओ पाठवला आहे. (अचलपूर तालुका)

उत्तर : आधी तर शाब्बास, टिकास-पावडं घेऊन स्वतःचा ट्रॅक खोदणारी पोरं आपल्याकडं बोटावर मोजण्याइतकी आहेत. खडबडीत की साफ हे नंतर बघू, आधी एवढं विचारा की आपल्या ट्रॅकवर जो पडेल त्याला आपण काहून पडलो हे कळेल का? ब्रेक उशिरा दाबला, लाइन म्हणजे ट्रॅकवरून उतरायला निवडलेली वाट चुकली, घाबरून नजर खाली गेली, असं काही त्याला सांगता आलं तर ट्रॅक कितीही अवघड असू द्या, चांगला आहे. पडलेला माणूस उठून म्हणाला की मला दिसलंच नाही, तर चूक ट्रॅकची.

तुमच्या व्हिडिओत वरच्या टप्प्यात सागाची झाडं दिसतात. सागाचं एक वाळलं पान पत्रावळीएवढं, त्याच्याखाली नारळाएवढा गोटा आरामात लपतो, आणि पानावर फफुटा बसला की टायर त्याच्यावर असं सरकतं जसं काही खाली जमीनच नाही. गोटा ठेवायचा तर ठेवा पण तो दिसला पाहिजे, म्हणून रेसच्या आधीचे दोन-तीन दिवस रोज सकाळी त्या टप्प्याला खराटा मारा. अजून एक, जमिनीत रुतलेला गोटा चालतो, सुटा चालत नाही, कारण सुटा गोटा पहिल्या रायडरला एका जागी आणि विसाव्याला दुसऱ्याच जागी भेटतो, मग दोघं एकाच ट्रॅकवर धावले असं म्हणता येत नाही. प्रत्येकाला सब्बल लावून बघा, हलला की काढून फेका.

मधला सरळ पट्टा आणि त्याच्या खाली नाल्याकाठचं ते उजवं वळण, ते मला अजिबात आवडलं नाही. सगळे तिथं एकाच जागी करकचून ब्रेक लावतील, पन्नास रन झाल्या की तिथं आडवे खड्डे पडतील, वखराच्या तासासारखे एकामागे एक, आणि मग वळण घेताना हँडल हातात राहणार नाही. ब्रेकचे खड्डे भरत बसू नका, भरलेली माती अर्ध्या तासात उडते. वळणाच्या आधी दहा-पंधरा पावलं ट्रॅक जरा चढाला घ्या, चढ स्वतःच वेग खातो, रायडरला ब्रेक कमी लागतो आणि पावसाचं पाणी पण त्याच जागी बाहेर निघून जातं.

आता उडीचं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे. काही वर्षांआधी एका रेसमध्ये मी उतरलो होतो, शनिवारी प्रॅक्टिसला टेबलटॉप होता, म्हणजे उडीचं तोंड आणि उतरायची जागा यांच्यामधलं सगळं मातीनं भरलेलं, कमी उडाला तरी माणूस वरच टेकतो. रात्री कोणीतरी तोंड हातभर उंच केलं, बघणाऱ्यांना मजा यावी म्हणून, आणि आम्हाला सांगितलं नाही. रविवारी मी त्याच वेगात आलो, उतरायचा उतार ओलांडून पलीकडं सपाटीवर आपटलो. डाव्या खांद्याची कॉलर बोन दोन तुकडे, सहा आठवडे हात गळ्यात, आणि ती तुरीच्या सोंगणीची वेळ होती, घरच्यांचे जे हाल झाले ते मी विसरलो नाही. उताराला उतार भेटला तर उंचावरून आलेलं अंग पुढं सरकत जातं आणि धक्का वाटून जातो, सपाटीला भेटला तर सगळा धक्का मनगटात, खांद्यात, पाठीत. म्हणून उतरायची जागा लांब ठेवा, तुम्हाला वाटते त्याच्या दीडपट, आणि एकदा प्रॅक्टिस सुरू झाली की ट्रॅकला हात लावायचा नाही, दुरुस्ती सोडून. लावलाच तर रेस थांबवून सगळ्यांना दाखवा आणि पुन्हा एक रन द्या.

आणि हो, ई-क्लास आहे म्हणून कोणी विचारत नाही असं समजू नका, ग्रामपंचायतीत अर्ज द्या, तलाठ्याला सांगा, आणि जे गुराखी तिथं ढोरं चारतात त्यांच्याशी आधी बोला, रेसच्या दिवशी वळणावर म्हैस उभी असणं कोणालाच परवडणार नाही.

प्रश्न : आमच्याकडं सगळी काळी माती. ऑगस्टमध्ये वळणावर बर्म म्हणजे तो तिरपा मातीचा कठडा बनवला, दिवाळीपर्यंत अर्धा वाहून गेला आणि उरलेल्याला हाताचा पंजा जाईल अशा भेगा. काय चुकलं? (बुलढाणा जिल्हा)

उत्तर : मातीच चुकली. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं, शेतात उन्हाळ्यात पाय जाईल अशा भेगा पडतात त्या याच्यानंच. कापसाला ही माती सोनं आहे पण बर्मला नको. बर्मला मुरूम घ्या, तो अर्धवट झिजलेला काळा दगडच असतो, खडे एकमेकांत अडकून बसतात आणि पाणी खाली जाऊ देतात. तळाला मोठे गोटे रचा, शेताच्या बांधाला रचतो तसे, वर चार-चार बोटांचे थर टाका, प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि धुम्मसनं ठोका. मुरूम मुठीत दाबला तर लाडू झाला पाहिजे पण बोटांतून पाणी निघालं नाही पाहिजे, तेवढीच ओल. एकदम दोन फूट ढीग टाकून वरून ठोकला तर वरचं कडक होतं आणि आत पोकळ राहतं, पहिल्या जोरदार पावसात बसतं. बर्मच्या आतल्या कडेला पाणी साचतं हे लक्षात ठेवा, वळणाच्या सुरुवातीलाच त्याला बाहेर जायला वाट द्या.

वाटा कोरणाऱ्यांचा एक हिशोब आहे, टेकडीच्या बाजूचा जो उतार आहे त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त उतार वाटेला देऊ नये, नाहीतर पाणी वाटेतूनच धावतं आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा नाला होतो. डाऊनहिलमध्ये हे सगळीकडं पाळता येत नाही, तीव्र उतार तर पाहिजेच, पण मग ते तीव्र टप्पे जिथं खाली दगड आहे तिथं घ्या, मातीवर नको. आणि पावसात काळ्या मातीवर सायकल घालूच नका, चाक आणि फ्रेमच्या मध्ये गारा गच्च भरतो, सायकल खांद्यावर घेऊन यावी लागते, वर ट्रॅकला जे चर पडतात ते सुकल्यावर सिमेंटसारखे राहतात.

प्रश्न : दादा, माझा मुलगा अकरावीत आहे. पहाडावरून सायकल घेऊन उतरायचं खूळ डोक्यात आहे आणि महागडं हेल्मेट मागते. त्याच्या बाबांची मोटरसायकलची हेल्मेट घरी आहे, ती चालणार नाही का? आणि पाठवावं की नाही? मला रात्री झोप येत नाही. (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ताई, तुमची काळजी बरोबर आहे. यात लागतं, हाडं मोडतात, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. हेल्मेटला मात्र हो म्हणा. मोटरसायकलची हेल्मेट जड असते, चढून-उतरून दमलेल्या पोराच्या मानेला तो भार होतो, आत हवा खेळत नाही, घाम डोळ्यात जातो आणि समोरचं दिसत नाही. डाऊनहिलची फुल फेस हेल्मेट हलकी असते आणि हनुवटीपर्यंत झाकते, घेताना आत एएसटीएम एफ१९५२ असं लिहिलेलं बघा, ते याच खेळासाठीचं प्रमाण आहे. सोबत गुडघ्याचे पॅड आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. एकदा जोरात डोकं आपटलं की ती हेल्मेट बाजूला टाकायची, वरून चांगली दिसली तरी, आतला थर दबलेला असतो.

रेसला पाठवायच्या आधी आयोजकांना फोन लावा आणि विचारा की वळणावळणावर झेंडे घेऊन माणसं आहेत का, आणि एकाला दुसरा दिसतो का, कारण वर कोणी पडला तर मागून येणाऱ्याला लाल झेंड्यानं थांबवावं लागतं. ॲम्ब्युलन्स पायथ्याशी उभी आहे का, आणि ट्रॅकच्या मधल्या टप्प्यापर्यंत स्ट्रेचर घेऊन चालत जाता येते का. प्रॅक्टिसला पुरेसा वेळ आहे का. याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पोराला सांगा की ही रेस नाही, पुढची. जमलं तर तुम्ही स्वतः जा आणि एक-दोन वळणं पायी चढून बघा, झोप लागायला त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : मोबाईलवर वर्ल्ड कप बघतो. जुने लोक म्हणतात आताचे ट्रॅक सोपे झाले, बाइक पार्कसारखे. खरं आहे का? तुमचा आवडता ट्रॅक कोणता? (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : ही तक्रार खेळाइतकीच जुनी असेल. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत रीपॅक नावाची रेस सुरू झाली, कच्च्या रस्त्यानं साधारण १३०० फूट उतार, जुन्या जाड टायरच्या सायकली, आणि मागं उलटं पॅडल मारायचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं, प्रत्येक रननंतर नवीन भरावं म्हणजे रीपॅक करावं लागायचं, नावच त्यावरून पडलं. पहिली अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप १९९० ला कोलोराडोत दुरांगोला झाली, डाऊनहिलचा वर्ल्ड कप १९९३ पासून. तेव्हापासून सायकली इतक्या बदलल्या की तेव्हाचा भयंकर उतार आता पोरं हसत उतरतात, मग ट्रॅक सोपा झाला की सायकल चांगली झाली?

पण तक्रारीत तथ्य आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्गच्या ट्रॅकवर मध्ये लांब सपाट पट्टा होता, जोरजोरात पॅडल मारत बसायचं, त्यावर पुष्कळ टीका झाली. २०१३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप तिथंच झाली आणि तिथलाच ग्रेग मिनार शेवटी मागचं टायर बसलेलं असताना जिंकला, अर्ध्या सेकंदापेक्षा कमी फरकानं. रेस विसरणार नाही, ट्रॅक मला आवडला नाही. त्याच्या उलट स्वित्झर्लंडचं शांपेरी, २०११, इतकं खडं की पायी उतरताना झाडाला धरावं लागेल, वर पाऊस, आणि डॅनी हार्ट त्या चिखलात ११ सेकंदांहून जास्त फरकानं जिंकला. ज्या खेळात टायरभर फरकानं मेडल जाते तिथं ११ सेकंद! अवघड ट्रॅकवर कोणाला सायकल खरंच येते ते उघडं पडतं, म्हणून मला तो हवा.

आवडता विचारलात तर इटलीचं वाल दी सोले. मुळं, गोटे, भुसभुशीत माती, आणि दर रननंतर बदलत जाणारी लाइन. २००८ ला सॅम हिल तिथं सगळ्यांच्या पुढं होता आणि शेवटाकडच्या वळणावर घसरला, तिसरा आला. तो घसरला काहून हे घरी बसलेल्याला पण कळलं, वेग जरा जास्त होता, बस. स्कॉटलंडचं फोर्ट विल्यम पण बघत जा, २.८ किलोमीटर, साडेपाचशे मीटर उतार, २००२ पासून तिथं पुष्कळ वेळा वर्ल्ड कप झाला, वर उघड्या माळावर दगडच दगड आणि खाली मोठमोठ्या उड्या, एकाच ट्रॅकवर दोन्ही.

प्रश्न : माझ्याजवळ साधी हार्डटेल आहे, म्हणजे मागं शॉक नाही, पुढं १२० एमएम शॉक. २०० एमएमची डाऊनहिल बाइक घेतल्याशिवाय रेसला उतरू नये असं सगळे म्हणतात. (अकोट)

उत्तर : उतर. आपल्याकडच्या दीड-दोन मिनिटांच्या ट्रॅकला हार्डटेल पुरते, आणि लाइन निवडायला तीच शिकवते. पैसे असतील तर आधी ब्रेक आणि टायरवर घाल, ट्यूबलेस करून आत सीलंट म्हणजे भोक बुजवणारं पातळ औषध टाक, बाभळीचा आणि हिवराचा काटा आपल्याकडं दर पावलावर आहे. २०१५ ला ऑस्ट्रियात लेओगांगला ॲरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तरी तो वर्ल्ड कप जिंकला, एक पॅडल न मारता, फक्त उंचवट्यांवर अंग दाबून वेग राखत. ते अंग दाबणं हार्डटेलवर शिक.

प्रश्न : चिखलदऱ्याला एवढे उतार आहेत, तिथं ट्रॅक काहून बनवत नाही? (मोर्शी)

उत्तर : चिखलदऱ्याच्या भोवती मेळघाटचं जंगल आहे, १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, ट्रॅक खोदणं तर दूरच. वाघ-अस्वलांच्या घरात आपण कुदळ घेऊन जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. गावागावांत उघड्या मुरमाड टेकड्या पडल्या आहेत, रायमुनिया माजलेल्या, त्या साफ करा, गावाचं पण भलं होईल.

प्रश्न : छोट्या रेसला टायमिंग कसं घ्यावं? मशीन भाड्यानं घ्यायची ऐपत नाही. (घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : घड्याळावरचा शंकरपट बघितला असेल तर अर्धं काम झालं, जोडी एकटी सुटते आणि वेळेशी धावते, इथं पण तसंच. पायथ्याशी तीन मोबाईल शेजारी धरून स्टॉपवॉच एकदम चालू करा, दोन खाली ठेवा, तिसरा वर न्या, रेस संपेपर्यंत कोणी बंद करायचा नाही. वरचा माणूस ठरलेल्या वेळेला, समजा दर दोन मिनिटांनी, एकेक रायडर सोडतो आणि वहीत लिहितो, खालचे दोघं पोचल्याची वेळ लिहितात, वजा केलं की झालं. टेकडीवर नेटवर्क नसलं तरी अडत नाही. फिनिशला फक्कीची जाड रेघ मारा आणि तिथं त्या दोघांना आपापला फोन घेऊन बसवा, कारण बोटाची चूक दोन-तीन दशांश सेकंदांची होतेच. दोघांची सरासरी घ्या, आणि पहिल्या दोघांत अर्ध्या सेकंदाच्या आत फरक निघाला तर त्यांना परत एकदा वर पाठवा. वरच्याला पॉवर बँक द्या आणि फोन सावलीत ठेवायला सांगा, फेब्रुवारीतल्या दुपारी पण आपल्याकडं उन्हात फोन तापून बंद पडतो.